आढळनोंदी, जीवजातींच्या

जीवजातींच्या आढळनोंदी : अमुक जातीची वनस्पती, प्राणी वा कवक अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमुक व्यक्तीस आढळले, एवढ्या माहितीच्या नोंदीस आढळनोंद म्हणतात. जातीचे नाव, स्थळ, दिनांक आणि निरीक्षक ही तिची चार अंगे होत. यांपैकी एखादे अंग गळाले, तर नोंद लंगडी पडते. एखादे खोटे असेल, तर नोंद मुळीच नसल्यापेक्षाही अधिक हानी होते. अशा हजारो नोंदी एकत्र आल्या म्हणजे त्यांवरून जातीच्या प्रसाराचा नकाशा काढता येतो, तिचा प्रदेश आक्रसत आहे की वाढत आहे हे कळते आणि एखाद्या धरणाखाली वा खाणीखाली जाणाऱ्या भूमीत काय नष्ट होणार आहे, याचा अंदाज बांधता येतो. देशभर विखुरलेल्या नोंदी इंटरनेटवरील एका सामाईक भांडारात जमा करावयाच्या, त्या सर्वांना खुल्या ठेवावयाच्या आणि भांडाराचा कारभार नोंदी देणाऱ्या व तपासणाऱ्या मंडळींनीच पाहावयाचा, ही पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अनेक देशांत रूढ झाली. भारतात २००८ मध्ये सुरू झालेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल हे तिचे एक प्रमुख उदाहरण होय.

पूर्वपीठिका : आढळनोंद ही संगणकयुगाची निर्मिती नव्हे. वनस्पतिसंग्रहालयातील वाळविलेल्या नमुन्याच्या कागदावर डकवलेली चिठ्ठी किंवा पक्ष्याच्या पेंढा भरलेल्या कातड्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी ही आढळनोंदच असते. भारतात असे नमुने बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३), भारतीय वनस्पती सर्वेक्षण (१८९०), भारतीय प्राणी सर्वेक्षण (१९१६), मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय इ. ठिकाणी जतन केलेले आहेत. ब्रिटिश अमदानीत गोळा झालेले पुष्कळसे नमुने लंडन व क्यू येथे गेले. त्यामुळे सह्याद्रीतील एखाद्या वनस्पतीचा प्रसार जाणून घेण्यासाठी अभ्यासकास पुणे, मुंबई, कोलकाता येथील कपाटे धुंडाळून पुन्हा परदेशी पत्रव्यवहार करावा लागे. याखेरीज नियतकालिकांतील टिपणे, वनाधिकाऱ्यांच्या रोजनिशा आणि हौशी निरीक्षकांच्या वह्या यांतील नोंदींची तर गणतीच नव्हती. वहीचा धनी वारला, की ती बहुधा रद्दीत जाई.

विखुरलेल्या नोंदी एकत्र करण्याचा पहिला मोठा यशस्वी प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. देशाचे १० किमी. बाजूचे चौरस पाडून प्रत्येक चौरसात कोणत्या वनस्पती आढळतात, याची नोंद हौशी वनस्पतिप्रेमींनी केली आणि तिच्या आधारे १९६२ मध्ये फ्रँक्लिन पेरिंग व मॅक्स वॉल्टर्स यांनी ब्रिटिश वनस्पतींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. प्रत्येक जातीसाठी एक नकाशा आणि आढळाच्या प्रत्येक चौरसात एक ठिपका, अशी त्याची साधी मांडणी होती. रिकामे चौरस पाहून तेथे जाण्याची निरीक्षकांत चढाओढ लागली, हा त्याचा अनपेक्षित लाभ होय. १९६४ मध्ये मंक्स वुड येथे स्थापन झालेल्या जैव नोंद केंद्राने हेच काम कीटक, सस्तन प्राणी इत्यादींसाठी पुढे चालविले. तेथील आजचा राष्ट्रीय ठेवा म्हणजे एनबीएन ॲटलास (२०१७) हे पोर्टल असून त्यातील नोंदींचा मोठा भाग आजही बिनपगारी निरीक्षकांचाच आहे.

नोंदीची विश्वासार्हता : नोंदी सामाईक व तपासणीस खुल्या का असाव्यात, हे महाराष्ट्रातील रानपिंगळ्याच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या उदाहरणावरून होईल. या लहान घुबडाचा पहिला नमुना एफ्. आर्. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये सध्याच्या छत्तीसगढ राज्यातील प्रदेशात मिळविला व पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांना काही नमुने मिळाले. त्यांपैकी शेवटचा १८८४ मधील होय. पुढे शंभरांहून अधिक वर्षे हा पक्षी खात्रीलायकपणे कोणासही दिसला नाही. मात्र याला एक अपवाद नोंदलेला होता. रिचर्ड माइनर्टझहागेन या नामांकित ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याच्या व पक्षिसंग्राहकाच्या संग्रहात गुजरातमधील मांडवी येथे १९१४ मध्ये मिळविल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. इतर नोंदींच्या मानाने तो अलीकडचा असल्याने त्याला साहजिकच अधिक वजन प्राप्त झाले. पक्ष्याचा शोध घेणाऱ्यांनी या नोंदीचा आधार घेतला. सलीम अली व एस्. डिलन रिप्ली यांच्यासारख्या अधिकारी व्यक्तींचेही शोध निष्फळ ठरले. पक्षी नामशेष झाला असावा, असे मत त्यामुळे बळावत गेले.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकन पक्षिविज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी माइनर्टझहागेन यांच्या संग्रहाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा हा मांडवीचा नमुना डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये मिळविलेला व संग्रहालयातून चोरलेला असल्याचे आढळून आले. कातडे उसवून पुन्हा भरण्यात आले होते व नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. तथापि मूळ बांधणीच्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेल्या नव्हत्या. खोटी नोंद बाजूला सारून मूळच्या खऱ्या स्थळांकडे शोध वळविताच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. त्यानंतर मेळघाट, तोरणमाळ व २०१४ मध्ये मुंबईनजीकच्या तानसा अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या. एका चिठ्ठीवरील एका स्थलनामाने एका जातीचा शोध अनेक दशके भलतीकडे नेला. ही लबाडी उघड होऊ शकली ती नमुना शिल्लक होता व तो दुसऱ्याने तपासण्यास मोकळा होता म्हणूनच. नोंदीसोबत पुरावा जपून ठेवण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला जातो.

सामाईक परिभाषा : निरनिराळ्या संस्थांच्या नोंदी एकत्र आणावयाच्या, तर त्यांची मांडणी एकसारखी हवी. कोणी दिनांक आधी लिहितो, कोणी महिना. कोणी अक्षांश-रेखांश देतो, तर कोणी ‘महाबळेश्वरजवळ’ एवढेच लिहून थांबतो. ही अडचण दूर करण्यासाठी डार्विन कोअर नावाची परिभाषा तयार करण्यात आली व २००९ मध्ये ती जैवविविधता माहितीच्या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने संमत केली. शास्त्रीय नाव, घटनेचा दिनांक, अक्षांश-रेखांश, त्यांतील संभाव्य चूक मीटरमध्ये, ओळख पटविणाऱ्याचे नाव, नोंद नमुन्यावर आधारलेली आहे की निरीक्षणावर, अशा रकान्यांची ही यादी आहे. दिसावयास ही बाब क्षुल्लक वाटली, तरी तिच्याविना पुढचा सारा व्यवहार अशक्य होता. संभाव्य चुकीचा रकाना विशेष महत्त्वाचा होय; कारण ‘महाबळेश्वरजवळ’ या जुन्या नोंदीस एखादा बिंदू बहाल केला आणि त्यात पाच-दहा किलोमीटरांची अनिश्चिती आहे हे लिहिले नाही, तर नकाशावर ती नोंद आजच्या उपग्रहयंत्राने टिपलेल्या नोंदीइतकीच अचूक भासते.

याच परिभाषेच्या आधारे ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी (जीबिफ) ही आंतरराष्ट्रीय संस्था काम करते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) एका मंचाने १९९९ मध्ये तिची शिफारस केली व २००१ मध्ये ती अस्तित्वात आली. तिचे सचिवालय कोपनहेगन येथे आहे. सदस्य देशांत एकेक राष्ट्रीय केंद्र असावे, त्याने आपल्या देशातील संस्थांना नोंदी खुल्या करण्यास साहाय्य करावे आणि जागतिक पातळीवर त्या सर्व एका ठिकाणी शोधता याव्यात, अशी तिची रचना आहे. २०१८ मध्ये तिच्याकडील नोंदींची संख्या १ अब्जाच्या व २०२२ मध्ये २ अब्जांच्या वर गेली. यांतील फार मोठा हिस्सा पक्ष्यांचा असून तो प्रामुख्याने २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबर्ड या उपक्रमातून आलेला आहे. कीटक, कवके व मृदेतील जीव यांची संख्या निसर्गात कितीतरी अधिक असूनही नोंदींत त्यांचा वाटा अल्प आहे.

इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल : राष्ट्रीय ज्ञान आयोगाच्या (२००५–०९) प्रेरणेने, देशातील जैवविविधतेची माहिती नागरिकांना खुली असावी या हेतूने डिसेंबर २००८ मध्ये हे पोर्टल सुरू झाले. बंगळूरू येथील स्ट्रँड लाइफ सायन्सेस व अशोका ट्रस्ट (एट्री), पुदुच्चेरी येथील फ्रेंच इन्स्टिट्यूट इ. संस्था त्याच्या उभारणीत सहभागी झाल्या. सुरुवातीस नकाशांवर भर होता. नंतर जातींची वर्णनपृष्ठे, दस्तऐवज आणि निरीक्षणे यांची दालने जोडली गेली. पश्चिम घाटाची माहिती एकत्र करण्याचे काम त्यात आरंभापासूनच महत्त्वाचे होते.

पोर्टलचे वैशिष्ट्य त्यातील माहितीच्या राशीपेक्षा तिच्या व्यवस्थेत आहे. कोणीही व्यक्ती नाव नोंदवून छायाचित्र, स्थळ व दिनांक यांसह निरीक्षण चढवू शकते. जातीचे नाव ठाऊक नसले तरी चालते. नोंद ‘अनोळखी’ म्हणून राहते व इतर सभासद तिला नाव सुचवितात. एकाच नोंदीस दोन-तीन नावे सुचविली गेली, तर सहमती दर्शविणाऱ्यांचे पारडे जिकडे झुकेल ते नाव नोंदीवर दिसते; मागची सूचना मात्र पुसली जात नाही. त्या गटाचा जाणकार म्हणून मान्यता असलेला सभासद नाव पक्के करू शकतो. बहुमताने जातीचे नाव ठरत नसते, हा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो व तो अगदीच गैर नाही : दहा नवशिक्यांची सहमती एका तज्ज्ञाच्या शंकेपुढे फिकी पडावयास हवी. परंतु संग्रहालयातील कपाटात एकाच तज्ज्ञाने चुकीचे लिहिलेले नाव पन्नास वर्षे तसेच राहिल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. येथे निदान चुकीवर बोट ठेवण्याची मुभा सर्वांस असते आणि कोणी, केव्हा, काय सुचविले याचा माग राहतो.

कोळी, पतंग, परिसरातील वृक्ष अशा विषयांत रस घेणाऱ्यांचे वेगवेगळे गट पोर्टलवर स्थापन करता येतात आणि प्रत्येक गटाचे संचालन त्याचे सभासद करतात. २०१४ च्या एप्रिल महिन्यात आपल्या घराभोवतालच्या झाडांची नोंद करण्याची मोहीम अशाच रीतीने राबविली गेली. जातींच्या पृष्ठांवर भारतीय भाषांतील नावेही देता येतात, ही सोय वरवर गौण वाटली तरी तिचा उपयोग मोठा आहे. ज्याला रॅट्यूफा इंडिका हे नाव माहीत नाही, त्यालाही शेकरू माहीत असतो आणि भीमाशंकरच्या जंगलात तो कोठे घरटे करतो, हे त्या जंगलात राहणाऱ्याइतके कोणासच ठाऊक नसते.

पोर्टलमागील संगणकप्रणाली मुक्त असून ती इतरांस वापरता येते. भूतानने २०१३ मध्ये आपले राष्ट्रीय पोर्टल याच प्रणालीवर उभे केले. अशीच गोष्ट ऑस्ट्रेलियात घडली. तेथील ॲटलास ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया (२०१०) या भांडाराची प्रणाली स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स, स्वीडन, ब्रिटन इ. देशांनी स्वीकारली व या देशांतील तंत्रज्ञांचा एक सहकारी समुदायच निर्माण झाला. एका देशाने केलेली सुधारणा त्यामुळे दुसऱ्यास आपोआप मिळते. मात्र एका देशाचा निधी आटला, की त्याची झळही सर्वांस कमीअधिक लागते. भांडार उभारण्यास अनुदान मिळते, ते चालू ठेवण्यास मिळत नाही, ही अडचण या क्षेत्रात सार्वत्रिक आहे.

नावातील बदल : पोर्टलवरील नोंद अंतिम नसते, याचे दुसरे कारण वर्गीकरणशास्त्र स्वतःच स्थिर नसते. गळ्याखाली रंगीत पंखा असलेल्या सरड्यांना पूर्वी भारतात सर्वत्र सिटाना पाँटिसेरियाना याच एका जातीत घालण्याची प्रथा होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यांच्या अनेक जाती वेगळ्या काढल्या आणि काहींसाठी सराडा ही नवी प्रजाती निर्माण केली. हे नाव मराठीतील ‘सरडा’ या शब्दावरूनच घेतलेले आहे. त्यांपैकी सराडा सुपर्बा ही जाती सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या सड्यावरील आहे. आता २०१६ पूर्वी साताऱ्यातील कोणी ‘सिटाना’ अशी नोंद केली असेल, तर तिचे काय करावयाचे? नुसते नाव असेल, तर ती नोंद जवळजवळ निरुपयोगी झाली. छायाचित्र असेल, तर पंख्याचा आकार व रंग पाहून तिला नवे नाव देता येते, आणि नोंद करणाऱ्याच्या हयातीनंतरही ती उपयोगी पडते. छायाचित्राविना चढविलेल्या यादीपेक्षा छायाचित्रासह केलेल्या एका नोंदीस पोर्टलवर अधिक महत्त्व दिले जाते ते यामुळेच.

श्रेय व हक्क : नोंदी खुल्या करण्यास संशोधक कचरतात, याचे कारण बहुधा श्रेयाचे असते. दहा वर्षे रानोमाळ हिंडून जमविलेली माहिती दुसऱ्याने एका दिवसात उतरवून घेऊन आपल्या नावे निबंध छापावा, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. यावर काढलेला तोडगा म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने होत. नोंद वा छायाचित्र देताना सभासद परवाना निवडतो : वाटेल तसे वापरा, श्रेय देऊन वापरा, किंवा श्रेय देऊन, परंतु व्यापारी लाभाविना वापरा. जीबिफनेही हेच तीन पर्याय मान्य केले आहेत. तिच्याकडून नोंदींचा संच उतरवून घेतल्यास त्यास एक कायम क्रमांक मिळतो व तो निबंधात उद्धृत केला, की मूळ नोंदी देणाऱ्या प्रत्येक संस्थेस आपली माहिती कोठे वापरली गेली हे कळते. यातील तिसरा पर्याय अनेकांस सुरक्षित वाटतो. परंतु ‘व्यापारी’ म्हणजे काय, याची सीमारेषा धूसर असल्याने पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक किंवा शुल्क घेऊन पर्यावरण अहवाल लिहिणारा सल्लागार त्या नोंदीस हात लावण्यास बिचकतो. खाणीच्या अहवालात दुर्मिळ जातीचा उल्लेख यावा अशी ज्याची इच्छा आहे, त्यानेच अशी अट घालून तो उल्लेख अवघड करावा, हा विरोधाभास येथे घडतो.

शासकीय संस्थांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. सार्वजनिक निधीतून जमविलेली माहिती खुली असावी, असे भारत शासनाच्या २०१२ च्या राष्ट्रीय विदा सहभाग व सुलभता धोरणात म्हटले आहे. तथापि जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचून त्या संगणकावर चढविण्यास माणसे, वेळ व अक्षर लावण्याचा सराव लागतो. धोरणाने तो निर्माण होत नाही.

गोपनीयता : सर्व नोंदी खुल्या असाव्यात, या तत्त्वाला एक कठोर मर्यादा आहे. दक्षिण चीनमधील गोनिउरोसॉरस लुई या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिलेल्या स्थळावरून पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी ती इतकी पकडली गेली, की मूळ स्थळी ती उरलीच नाही. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये ब्लू मौंटन्स भागातील दऱ्यांत सापडलेल्या वोलेमी पाइन या अतिप्राचीन वंशातील वृक्षांचे ठिकाण म्हणूनच आजही गुप्त ठेवलेले आहे. निसर्गात त्याचे शंभराहून कमी प्रौढ वृक्ष उरले असून, एखाद्या पर्यटकाच्या बुटाला चिकटून येणारी रोगकारक कवकसदृश बुरशीही त्यांना घातक ठरू शकते. तेथील भांडारात संवेदनशील जातींच्या याद्या ठेवलेल्या असून अशा नोंदींचे अक्षांश-रेखांश जाहीर करण्यापूर्वी आपोआप स्थूल केले जातात. आयनॅचरलिस्ट या अमेरिकन पोर्टलवर धोक्यातील जातींचा बिंदू ०.२ अंश बाजूच्या चौकटीत, म्हणजे सु. २० किमी. परिसरात, कोठेतरी दाखविला जातो.

भारतात ऑर्किडे, रंगीत मोठे कोळी, कासवे व घुबडे यांना अशा संरक्षणाची गरज आहे. वर उल्लेखिलेल्या रानपिंगळ्याचेच पाहा : त्याच्या शोधाला खऱ्या स्थळाची आवश्यकता होती, शोध लागल्यावर मात्र घरट्याच्या झाडापर्यंतचा नेमका पत्ता छापणे त्याच्या हिताचे नाही. उलटपक्षी नोंद अति स्थूल केली, तर रस्त्याची वा खाणीची आखणी करणाऱ्यास आपल्या जमिनीत ती जाती नाहीच, असे म्हणावयास वाव मिळतो. त्यामुळे अचूक स्थळ भांडारात राखावयाचे, जनतेस स्थूल दाखवावयाचे आणि जबाबदार अभ्यासकास वा अधिकाऱ्यास विनंतीवरून अचूक द्यावयाचे, असा मध्यममार्ग बहुतेक भांडारे स्वीकारतात. विनंती कोणी मान्य करावयाची, हा खरा वादाचा मुद्दा होय. सहभागी मंडळींनी चालविलेल्या पोर्टलमध्ये तो निर्णय नोंद देणाऱ्याच्या संमतीशी जोडलेला असतो आणि कारभार समुदायाकडे ठेवण्याचे हे कदाचित सर्वांत सबळ समर्थन ठरेल.

उणिवा : नोंदींचा नकाशा हा जातींच्या प्रसाराचा जितका, तितकाच निरीक्षकांच्या प्रसाराचाही नकाशा असतो. शहरे, रस्ते, अभयारण्यांची प्रवेशद्वारे व सुटीचे दिवस यांभोवती नोंदी दाटतात. पुण्यामुंबईच्या परिसरातील ठिपके दाट आणि मराठवाड्यातील विरळ दिसले, तर त्यावरून मराठवाडा जीवसृष्टीत दरिद्री ठरत नाही. रिकाम्या जागेचा अर्थ ‘तेथे नाही’ असा नसून ‘तेथे कोणी पाहिले नाही’ असाही असू शकतो. आणि पर्यावरणविषयक निर्णयांत नेमका हाच फरक पुसला जाण्याचा धोका असतो. ईबर्डने यावर एक उपाय योजला. निरीक्षकाने किती वेळ, किती अंतर चालून पाहिले आणि दिसलेल्या सर्व जाती नोंदविल्या की निवडक, हे त्यात विचारले जाते. सर्व जाती नोंदविल्या असतील, तर न दिसलेली जातीही माहिती ठरते. केरळात २०१५ ते २०२० या काळात स्वयंसेवकांनी सु. १.१ किमी. बाजूच्या सु. ४,००० चौकटी आधीच निवडून, ओल्या व कोरड्या हंगामांत त्यांची पाहणी करून राज्याचा पक्षिनकाशा तयार केला. जेथे जावेसे वाटते तेथे न जाता जेथे जावयाचे ठरले तेथे जाणे, एवढ्याने नोंदींचे मूल्य किती वाढते, याचा हा उत्तम दाखला आहे.

उपयोग : अशा नोंदींवर आधारलेले भारतातील सर्वांत विस्तृत काम पक्ष्यांसंबंधी आहे. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालासाठी ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी वापरण्यात आल्या. ९४२ जातींचे मूल्यमापन होऊन १७८ जाती तातडीने लक्ष देण्याजोग्या ठरल्या. यांतील बव्हंशी निरीक्षक व्यावसायिक संशोधक नव्हते. इतर प्राणिगटांसाठी आणि वनस्पतींसाठी असा अहवाल तयार करण्याइतक्या नोंदी अद्याप उपलब्ध नाहीत.

भूमिवापराच्या निर्णयांतील उपयोगाचे उदाहरण पश्चिम घाटाचे आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये नेमलेल्या तज्ज्ञगटाने घाटाचे ५ × ५ मिनिटांचे, म्हणजे सु. ९ किमी. बाजूचे, चौकोन पाडले. प्रत्येकास स्थानिष्ठ वनस्पती, धोक्यातील प्राणी, वनाच्छादन, उंची, उतार इ. निकषांवर गुण दिले आणि त्यांवरून संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचविल्या. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला हा अहवाल माहितीच्या अधिकाराखालील निर्णयानंतर २०१२ च्या मे महिन्यात लोकांसमोर आला. त्यातील शिफारशींबाबत मतभेद झाले, परंतु कोणत्या चौकोनास किती गुण व का, हे तपासून पाहणे त्यामुळे कोणासही शक्य झाले. तसे करताना अनेक चौकोनांत नोंदी किती अपुऱ्या आहेत, हेही दिसून आले.

दुसरा मोठा, परंतु बव्हंशी बंद असलेला साठा गावपातळीवरचा आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापून लोक-जैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या असतात. देशात अशा अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या असून महाराष्ट्रात त्यांची जबाबदारी नागपूर येथील राज्य जैवविविधता मंडळाकडे (स्थापना २०१२) आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घालून दिलेल्या मुदतीमुळे त्यांतील पुष्कळशा घाईने पुऱ्या झाल्या व त्यांचा दर्जा असमान आहे. या वह्यांत केवळ जातींची यादी नसते, तर औषधी उपयोग, पिकांचे वाण, देवरायांचे नियम असे पारंपरिक ज्ञानही असते. ते सरसकट खुले केल्यास त्याचा लाभ बाहेरच्यांनी उठवावा व गावास काहीच मिळू नये, ही भीती रास्त आहे. म्हणून या वह्या गोपनीय मानण्याकडे कल असतो. परंतु एखाद्या गावात कोणती झाडे व पक्षी आहेत, ही आढळनोंद आणि त्या झाडाची साल कोणत्या व्याधीवर द्यावयाची, हे ज्ञान या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली ग्रामसभेच्या संमतीने पोर्टलवर आणून दुसरी गावाच्या स्वाधीन ठेवणे तांत्रिक दृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी वहीतील रकाने मुळातच वेगळे ठेवावे लागतील आणि कोणता रकाना उघडावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार समितीकडे राहावा लागेल.